सहासष्ट आणि बाकीचे

१४ एप्रिलला आपण निळे झेंडे घेऊन रस्त्यावर असतो, आणि त्याच दिवशी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारकापुढे पुष्पचक्र वाहिलं जातं. संचलन, बिगूल, मानवंदना, मग सगळे चिडीचूप. त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. साहेब लोकांच्या छातीवर चिमुकलं निशाण टाचतात, फोटो निघतो. आपल्यातला एखादा शहाणा दरवर्षी हमखास बोलतो, बघा, जयंतीच्या दिवशीच यांनी मुद्दाम दुसरा सोहळा घुसडला. अरे बाबा, कुणी घुसडला नाही. जहाज त्या दिवशी जळालं. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांना त्या दिवशी ५३ वर्षं पूर्ण झाली, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर खात्याचे मंत्री होते. मजुरांच्या मरणाचा दिवस म्हणून तो आपलाही आहे. पण आपण तो वाचलाच नाही. साहेबांनी वाचला तो अर्धाच.

जहाजाचं नाव फोर्ट स्टायकिन. युद्धाचा काळ. विक्टोरिया गोदीत ते दोन दिवस उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, आणि सोन्याच्या १२४ लगडी. दारूगोळा असल्याचं सांगणारा लाल बावटा जहाजावर चढवलेला नव्हता. दुपारी धूर दिसला. बंबवाले आले, पाणी ओतत राहिले. मी सूतगिरणीत ब्लोरूमला आहे, कापूस कसा जळतो ते मला पुस्तकात बघायला नको. गाठ वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. पट्ट्या तोडून ती फोडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. अशा गाठी दारूगोळ्याच्या अंगाला लावून रचायच्या, ही अक्कल कुठल्या हमालाची नव्हती. जहाज जागीच बुडवायचं का बाहेर समुद्रात ओढून न्यायचं, यावर गोऱ्या साहेबांचं एकमत होईना. बंबवाले मात्र जहाजावर आणि धक्क्यावर उभेच. चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

त्या ६६ जणांपुढे मी मान झुकवतो. त्यात काही खोट नाही. बंबवाल्याशी आपलं वैर नाही, त्याच्या खाकीत आपल्या वस्तीतलीही पोरं आहेत. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले तेव्हा सगळ्या मुंबईला वाईट वाटलं, वाटायलाच पाहिजे होतं.

माझं भांडण वेगळं आहे. त्या दिवशी गोदीत आणि मांडवी-मस्जिदच्या गल्ल्यांत मेलेल्यांचा आकडा काय? कुणी ८०० सांगतो, कुणी १३०० च्या वर. म्हंजे मधली पाचशे माणसं असली काय नि नसली काय! पाठीवर गोणी वाहणारे, गोदामात झोपणारे, रोजावर आलेले, ज्यांचं नाव कुठल्या मस्टरवर नाही. सोन्याच्या लगडी मात्र मोजून १२४. त्या गाळ उपसून उपसून शोधल्या, पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या. सोन्याला वही होती. हमालाला कुठली वही?

आमच्या गिरणीत एकदा ब्लोरूम पेटली. साहेब धावत आला आणि पहिला प्रश्न केला, किती गाठी गेल्या? आत कोण होतं हे त्यानं नंतर विचारलं. ८० वर्षांत प्रश्नांचा क्रम बदललेला नाही.

आता गटाराकडे या. मॅनहोलमध्ये माणूस गुदमरला की कुणाला बोलावतात? बंबवाल्यांनाच. बंबवाला उतरतो तेव्हा तोंडाला मास्क, पाठीला हवेचं नळकांडं, कमरेला दोर, वर दोर धरायला साथीदार. उतरायलाच पाहिजे असं. पण ज्याला काढायला तो उतरतो तो तासाभरापूर्वी त्याच भोकातून चड्डीवर गेलेला असतो. गॅस तोच. प्रेत काढायला नळकांडं मिळतं आणि जित्या माणसाला मिळत नाही, हा या देशाचा हिशेब आहे आणि तो जातीच्या वहीत मांडलेला आहे. २०१३ चा कायदा सांगतो की संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवायचं नाही. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूला १० लाख द्यायला सांगितलं, २०२३ ला ती रक्कम ३० लाख केली. आणि २०२१ ला सरकारनं राज्यसभेत काय सांगितलं? हातानं मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही. गटारात मरणारे वेगळ्या रकान्यात. रकाना बदलला की माणूस मेला नाही!

बिगूल कुणासाठी वाजवायचा हे असं ठरतं. नोकरी कायम पाहिजे, अंगावर गणवेश पाहिजे, मस्टरवर नाव पाहिजे. मग मरण कर्तव्याचं. ठेकेदाराच्या माणसाचं मरण म्हंजे अपघात, आणि वर टोमणा, दारू प्याला असेल.

कुणी म्हणेल, एवढ्या माणसांची नावं कुठून आणणार, सोहळा म्हटला की निवड आलीच. न्यूयॉर्क शहराचं बघा. तिथं बंबवाला गेला की घंटेचे पाच-पाच ठोके चार वेळा द्यायची जुनी रीत आहे. ११ सप्टेंबर २००१ ला त्यांचे ३४३ जण मेले. पण दरवर्षी त्या जागेवर नावं वाचतात ती फक्त ३४३ नव्हेत, सगळी. जवळजवळ तीन हजार. वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात राबणाऱ्यांचीसुद्धा. तासन्‌तास चालतं वाचन, कुणी घड्याळ बघत नाही. अमेरिका काही आपली मावशी लागत नाही, तिचेही धंदे आपल्याला ठाऊक आहेत. पण वाचायचं ठरवलं तर वाचता येतं, एवढं तिथं दिसतं.

आणि आपण? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करतो, नेत्याच्या फोटोचा बॅनर बाबासाहेबांपेक्षा मोठा लावतो. गल्लीतला कोण गटारात गेला त्याचं नाव मंडळाच्या पोरांना विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही. अग्निशमन दलाला नावं ठेवायच्या आधी हे बघा. त्यांनी निदान आपली ६६ माणसं ८० वर्षं विसरू दिली नाहीत.

तेव्हा काम सांगतो. आपापल्या तालुक्यात, वॉर्डात गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्यांची यादी करा. घरी जाऊन. नाव, वय, तारीख, कुठल्या कामावर होता, कुणी उतरवलं, भरपाई मिळाली का. ठेकेदाराचं नाव वेगळ्या कागदावर, पुराव्यासकट. घरच्यांना विचारल्याशिवाय काही छापायचं नाही. म्हाताऱ्या गोदी कामगारांच्या घरी ४४ साली न परतलेल्या आज्याची आठवण असेल तर तीही लिहून घ्या. मार्चअखेर याद्या या अंकाच्या पत्त्यावर पाठवा, स्टेन्सिल कापायला आठ दिवस लागतात. १४ एप्रिलला सकाळी डीजे सुरू व्हायच्या आत पुतळ्यापाशी वाचायचं, सगळी नावं, एकही न गाळता. जवळच्या फायर स्टेशनला आधी जाऊन सांगा. ज्यांनी ही माणसं दोर लावून बाहेर काढली त्यांना बोलवा, गणवेशात या म्हणावं.