दादींना उठू द्या

स्नायू फक्त ओढतात, ढकलत नाहीत. वर्गात हे वाक्य सांगितले की एखादा मुलगा हमखास उठतो, दार ढकलून दाखवतो आणि विचारतो, "मग हे काय?" आम्हाला हा प्रश्न फार आवडतो. आम्ही त्याला डावा हात उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगतो आणि पुन्हा दार ढकलायला लावतो. मागचा स्नायू कडक झालेला त्याच्या हाताला लागतो. तो स्नायू आखडला, त्याने कोपराचे हाड मागून ओढले, म्हणून हात सरळ झाला आणि दार ढकलले गेले. चहाचा कप तोंडाशी नेताना नेमके उलट होते. दंडाचा पुढचा स्नायू ओढतो आणि मागचा सैल पडतो. शरीरात 600 हून अधिक स्नायू आहेत. हाडांना बांधलेले बहुतेक स्नायू असे जोडीने नांदतात, एकाने ओढले की दुसऱ्याने सोडायचे. (घरातही असेच चालले असते तर किती बरे, पण तो विषय वेगळा.) उर्दू माध्यमाच्या पुस्तकात यांना अज़लात म्हणतात. घरात कुणी "पट्ठे दुखतात" म्हणून तक्रार करते तेव्हाही बोलणे यांच्याबद्दलच असते.

स्नायूच्या आत पाहिले तर बारीक तंतूंचे जुडगे दिसतात आणि प्रत्येक तंतूत दोन प्रकारचे धागे असतात, जाड मायोसिनचे आणि बारीक अ‍ॅक्टिनचे. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे ते सरकतात. मायोसिनची सूक्ष्म डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. विहिरीतून पोहरा ओढताना दोर धरतो तसेच हे. 1954 साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी हे मांडले. एका गटात अँड्र्यू हक्सली होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली, आणि दोघांचे एकमेकांशी काही नाते नव्हते!

यातली खरी गंमत सोडण्यात आहे. धरलेला दोर सोडण्यासाठीही शक्ती लागते आणि ती एटीपी नावाच्या रसायनातून मिळते. शरीर श्वासातला प्राणवायू आणि अन्न यांतून हे रसायन सतत बनवत असते. मय्यतीला गुसल देणाऱ्या स्त्रियांना याचा दुसरा चेहरा माहीत असतो. प्राण गेल्यावर लगेच डोळे मिटतात, जबडा बांधतात, हातपाय हलकेच सरळ करून घेतात, कारण दोन-चार तासांनी शरीर ताठ होऊ लागते. एटीपी बनणे थांबलेले असते आणि मायोसिनने धरलेले सुटत नाही. पुढे दीड-दोन दिवसांत धागेच विरू लागतात, तेव्हा तो ताठरपणा जातो.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. स्नायू हा शरीरातला असा ऐवज आहे की वापरला नाही तर शरीर तो ठेवत नाही. चाळिशीनंतर तो हळूहळू घटतोच, साठीनंतर जास्त वेगाने. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले, चरबी सोडून, जवळजवळ एक किलो वजन गेले. आणि आपल्याकडे? थोडा ताप आला की "दादी, तुम्ही पडून राहा." ताप उतरतो, पण दादी पडूनच राहतात. भाजी निवडायला घेतली की सून हातातून ताट काढून घेते, पाण्याचा तांब्या नातू आणून देतो. गुडघा दुखत होता म्हणून नमाजसाठी आणलेली खुर्ची गुडघा बरा झाल्यावरही तिथेच राहते. दस्तरखानही जमिनीवरून टेबलावर जातो. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटीच होते, हे आम्ही जाणतो. पण जमिनीवरून उठताना मांडीचे जे मोठे स्नायू लागतात त्यांना दिवसभरात एकही काम उरत नाही. मग एके रात्री न्हाणीघरात तोल जातो, मांडी सावरून धरत नाही आणि खुब्याचे हाड मोडते. लोक म्हणतात, वयामुळे पडल्या.

वय आहेच, पण तेवढेच कारण नाही. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धालयात 86 ते 96 वर्षांच्या दहा अशक्त माणसांना मांडीच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा सराव दिला. आठ आठवडे नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीतला स्नायूही सांगितलेले ऐकतो.

घरी वजने आणायची गरज नाही. भिंतीला टेकवलेली भक्कम, न घसरणारी खुर्ची घ्या आणि शेजारी टेबल असू द्या. हात न टेकता उठायचे, सावकाश बसायचे. बसताना धप्पकन पडू नये, कारण सावकाश उतरतानाही स्नायूला कष्ट पडतात आणि ते आपल्याला हवेच आहेत. हृदयविकार असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणाकडेही पाहा. पुष्कळ वृद्ध स्त्रिया रात्री चहा-खारीवर भागवतात, त्यातून स्नायूला काही मिळत नाही. डाळ, अंडे, दही, मासे, जे घरात चालते आणि पचते ते त्यांच्या ताटात आधी वाढा, मुलांच्या नंतर नव्हे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र किती घ्यायचे ते विचारून घ्यावे.

उठ-बस सकाळी दहा वेळा आणि अस्रनंतर दहा वेळा. दहा जमत नसतील तर तीन, पुढच्या आठवड्यात चार. आणि भाजीचे ताट त्यांना परत द्या.