झुडपी जंगलातलं गवत कोणाचं?

22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातल्या झुडपी जंगलाचा निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही जमीन वनजमीनच ठरवली. पण 12 डिसेंबर 1996 पर्यंत वाटप झालेल्या जागांवरची घरं-शाळा केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाटही मोकळी केली. आपल्या वस्त्यांत चर्चा झाली ती एवढ्याचीच. चंद्रपूर-गडचिरोलीत पुढचा प्रश्न आहे उरलेल्या जमिनीचा.

ती वन विभागाकडे जाणार. दुसरी बिगरवनजमीन नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणित केलं, तर प्रकल्पांसाठी तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून तिथे झाडं लावता येतील. कागदावर ही बरड, निरुपयोगी जमीन. गावासाठी ती निस्ताराची चराई. ज्यांच्याकडे शेत नाही, फक्त चार बकऱ्या आहेत, त्यांचा चारा इथलाच. लावे आणि तितर याच गवतात, जमिनीवर अंडी घालतात. दाट रोपवन झालं की सावलीत कुसळी, पवन्या मरतं. पक्षीही जातात, चाराही जातो. मग ढोरकी जनावरं घेऊन आत, वाघाच्या जंगलात शिरतो. त्याचं पुढे काय होतं हे ताडोबाच्या आसपासच्या गावांना विचारा.

मात्र ‘चराई आमचा हक्क’ एवढी घोषणा पुरत नाही. बारमाही मोकाट चराईने चांगलं गवत संपतं आणि तरोटा माजतो, कारण ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. गवत फुलोऱ्यात कापलं तर चारा सकस मिळतो, पण सगळंच तेव्हा कापलं तर बी पडत नाही. म्हणून एक तुकडा कापायचा, एक बी पडेपर्यंत राखायचा, पुढल्या वर्षी अदलाबदल. हे वनपालापेक्षा गाव चांगलं करू शकतं.

अधिकारही आहे. वनहक्क कायदा 2006 मानीव वनांनाही लागू होतो. म्हणजे झुडपी जमीन वन ठरल्याने सामूहिक दाव्याला बळच मिळतं. निस्तार, चराई आणि राखण, तिन्ही हक्क कलम 3 मध्ये आहेत. बिगरआदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. वैयक्तिक दाव्यात आपली माणसं इथेच अडतात. आदिवासी शेजाऱ्यांसोबत ग्रामसभेचा सामूहिक दावा केला तर मंजूर वनाचा कारभार साऱ्या ग्रामसभेचा होतो, आणि तिथे आपल्या बायाबापड्यांचंही मत असतं. गणपूर्तीला निम्मे सदस्य लागतात, त्यात एक तृतीयांश महिला. झाडं लावायला खड्डे पडण्याआधी तलाठ्याकडून निस्तार पत्रकाची नक्कल काढा. दाव्यासोबत पुरावा म्हणून तीच जोडायची आहे.