परसबाग : चारोळीचे झाड

विलायती चॉकोलेटात असणाऱ्या हेझल नावाच्या कवचीच्या फळाची झुडपे आपल्याकडे लावावीत काय, अशी पृच्छा वरचेवर होते. आमचे उत्तर नकारार्थी आहे. त्या झुडपास हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते. तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठी, अथवा आपल्याच हिमालयात पांगीच्या खोऱ्यात, जेथे त्यास ठांगी म्हणतात, ते सुखाने नांदते. आलापल्लीच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणे नाही. परंतु श्रीखंड-बासुंदीत जी चारोळी आपण घालतो, तिचे झाड याच अरण्यातले असून ते परसात लावावे असे कोणाच्या मनात येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

चार हा आंबा, काजू व बिब्बा यांचा भाऊबंद. साल मगरीच्या पाठीप्रमाणे भेगाळलेली, पाने जाड व शेंड्याशी बोथट. माघ-फाल्गुनात पांढुरका मोहोर येतो आणि चैत्र-वैशाखात फळे काळीजांभळी होतात. आंबटगोड गर मुलांनी खाल्ल्यावर उरणारी टणक आठळी फोडली म्हणजे चारोळी निघते.

बाजारची सोललेली चारोळी पेरण्यात अर्थ नाही. पिकल्या फळांच्या ताज्या आठळ्या धुऊन सावलीत सुकवाव्यात व मृगाच्या सुमारास, आतील बी न दुखावता, कवचास हलकीशी चीर पाडून पेराव्यात. सोटमूळ खोल जाते, म्हणून कायमच्या जागीच दोन-तीन आठळ्या लावणे उत्तम. पाणी साचू देऊ नये. पहिले दोन उन्हाळे पाणी, सावली आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढे मात्र अवश्य हवे. वाढ मंद असते; आजेसासूने लावावे व नातसुनेने बासुंदीत घालावे, अशातला हा प्रकार! कलम मिळाल्यास फळ लवकर दिसते.

रानात मात्र या झाडाची दैना आहे. भाव चढा, आणि जो आधी तोडील त्याचा माल. त्यामुळे हिरवी फळे ओरबाडली जातात, फांद्या छाटतात, क्वचित झाडच पाडतात. कच्ची आठळी रुजत नाही, मग नवी रोपे कोठून येणार? 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मान्य झाला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास तो 2009 मध्ये मिळाला. अशा गावांस तोडणीचा दिवस स्वतःच ठरवणे आता शक्य आहे. गृहिणींनीही सुरकुतलेले दाणे नाकारून भरदार दाण्यास चार पैसे अधिक द्यावेत, असे आमचे मत आहे.

दाण्यात तेल पुष्कळ असल्याने तो लवकर खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावा. पेरणीच्या आठळ्या पुढील वर्षासाठी राखू नयेत, त्यांची उगवणशक्ती फार टिकत नाही.