ऑपरेशन झालं, राखण संपली नाही

टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढून लेकरू घरी आलं की सगळे म्हणतात, "सुटलो." आम्ही म्हणतो, खरी राखण आता सुरू होते. घशातली पांढरी खपली म्हणजे पू नव्हे. ती साधारण ५ ते १० दिवसांत सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. ताजं लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच १०८ला फोन करा.

दुखतं म्हणून लेकरू पाणी टाळतं; घसा कोरडा पडला की आणखी दुखतं. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध वेळेवर द्या, घोट घोट पाणी पाजत राहा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

ही राखण एकट्या आईची नाही. बापानेही कामावर खाडा करावा. दवाखान्यातून निघताना सूचना मराठीत लिहून मागा. हक्काने मागा.