सरफोजीराजांच्या तोंडी कोणाची मराठी?

बदलीच्या नोकरीने तंजावूरच्या आसपास आलेल्या, अथवा एल.टी.सी. घेऊन सहकुटुंब दक्षिणयात्रा करून गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या तोंडून एक सूचना आम्ही आता इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचा समाचार घेणे प्राप्त झाले आहे. सूचना अशी : तंजावूरचा राजवाडा उदास वाटतो, दरबारात काही घडत नाही, मुले कंटाळतात. तेव्हा परदेशांतल्या थीम पार्कांत असतात तशी पापण्या मिटणारी, ओठ हलवणारी, बोलणारी वेषधारी पात्रे येथे उभी करावीत. एक व्यंकोजी, एक सरफोजी, जमल्यास प्रत्यक्ष शिवछत्रपती. पोशाखाच्या आत माणूस, मुखवट्याच्या आत यंत्र आणि आवाज आधीच मुद्रित करून ठेवलेला. दर तासाला एक खेळ. मग पाहा, मराठ्यांचा इतिहास दक्षिणेत कसा दुमदुमतो ते!

सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे प्रस्ताव मंजुरीस पात्र होतोच असे नव्हे, हे आम्हा केंद्र सरकारच्या कारकुनांस कोणी शिकवावयास नको. प्रस्ताव वाचावा लागतो, त्यामागचे जुने कागद काढावे लागतात आणि मगच त्यावर शेरा मारावयाचा असतो. येथे नेमके जुने कागदच कोणी काढलेले नाहीत. म्हणून हा आमचा शेरा.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. मुखवटे, बाहुल्या, सोंगे यांना पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. उलट, सबंध भारतात सोंगाला इतका मान क्वचितच कोठे मिळाला असेल, जितका ह्या तंजावूरच्या मुलखात मिळाला. कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून, लाकडी पायांवर उभे राहून राजा-राणी नाचतात, तो 'पोय्क्काल कुदिरै' म्हणजे खोट्या पायांच्या घोड्यांचा नाच येथलाच. मराठे राज्यकर्त्यांबरोबर तो इकडे आला असे परंपरा सांगते. मान डोलावणारी 'तलैयाट्टि बोम्मै' येथलीच. तिचे डोके, धड आणि घागरा वेगवेगळे असून एकावर एक टेकलेले असतात, आणि बोटाच्या धक्क्याने ती सर्वांगाने डुलू लागते. 'बोम्मलाट्टम'चा सूत्रधार बाहुलीच्या दोऱ्या आपल्या डोक्यावरच्या कड्याला बांधतो, म्हणजे त्याची मान हलली की बाहुलीही हलते. आणि तंजावूरपासून काही कोसांवर मेलट्टूर गाव आहे. तेथे नृसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची नाटके होतात. आधी उंच टोपीचा कोणंगी येतो, मग हत्तीचे मुख लावलेला लहानगा गणपती येतो आणि प्रह्लादचरित्रात शेवटी नृसिंह प्रकटतो. त्या नृसिंहाचा मुखवटा ही मंडळी पूजेत ठेवतात, आणि तो धारण करणारा नट उपवास करून उभा राहतो. ज्या भूमीत मुखवट्याची पूजा होते, तेथे आम्ही मुखवट्यांची निंदा करावी, इतके आम्ही उर्मट नाही.

तर मग आक्षेप कशावर? आक्षेप आवाजावर आहे.

वर सांगितलेली उदाहरणे पुन्हा न्याहाळावीत. त्यांतले सोंग एक तर मुके असते, अथवा त्याचा आवाज त्याच क्षणी जिवंत माणसाच्या कंठातून निघालेला असतो. घोडा नाचतो, बोलत नाही. डोलणारी बाहुली डोलते, बोलत नाही. बोम्मलाट्टमची बाहुली बोलते, पण पडद्याआड माणसे गात असतात. प्रेक्षक हसले की ती थांबतात, प्रेक्षक रंगले की पद लांबवतात. आपल्याकडचा अर्धवटराव आठवावा. यशवंत पाध्यांनी त्याला जन्म दिला आणि रामदास पाध्यांनी नांदवला. लाकडी तोंडाचा तो गृहस्थ मराठी माणसाला इतका आपला का वाटला? तो सभागृहातल्या माणसाला उलट उत्तर देऊ शकत होता म्हणून. बोलणे म्हणजे नुसते ओठ हलणे नव्हे. समोरच्याचे ऐकून बोलणे म्हणजे बोलणे. मुद्रित आवाजाचे सोंग हे बोलके नसते, बहिरे असते. त्याला पाचवीतल्या मुलाने विचारले, "महाराज, आपली राणी कोठे आहे?" तर महाराज आपले पुढचे वाक्य म्हणत राहतील.

अमेरिकेचे उदाहरण आम्हांस वारंवार ऐकवले जाते, म्हणून तेही तपासू. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड 1955 साली उघडले. तेथल्या मोठ्या मुखवट्यांच्या पात्रांचा बाणा बरीच वर्षे न बोलण्याचा होता. ती हात हलवीत, मिठ्या मारीत. ओठ आणि पापण्या हलवणारे मुखवटे पुष्कळ नंतरचे. आणि जेव्हा त्याच मंडळींनी 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकनचा यंत्रपुतळा उभा करून त्याला बोलते केले, तेव्हा आवाज नटाचा होता, पण शब्द लिंकनच्याच भाषणांतून निवडले होते. म्हणजे करमणुकीचा धंदा करणाऱ्यांनाही एवढे कळत होते, की राष्ट्राच्या पूर्वजाच्या तोंडी वाटेल त्या भाडोत्री लेखकाचे वाक्य घालावयाचे नसते. आमचे सूचनाकार यंत्र तेवढे मागतात. ही मर्यादा मागण्याचे मात्र विसरतात.

आता मुख्य प्रश्न. तंजावूरच्या दरबारात सरफोजीराजे ओठ हलवू लागले, तर ते कोणती मराठी बोलतील?

आम्हांस उत्तर ठाऊक आहे, आणि वाचकांसही असावे. मुद्रण मुंबईत किंवा पुण्यात होईल. आवाज दूरचित्रवाणीच्या ऐतिहासिक मालिकांतून कमावलेला असेल. प्रत्येक वाक्य तलवार उपसल्यासारखे निघेल. आणि तंजावूरची मराठी? ती आजही आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींच्या मागोमाग जी देशस्थ आणि इतर घराणी आली, त्यांच्या वंशजांच्या घरांत ती बोलली जाते. तिच्यात जुन्या मराठीची रूपे शिल्लक आहेत, आणि तिच्या वाक्यांना तमिळचा हेल आहे. ह्याच समाजातले सर टी. माधवराव कुंभकोणमला 1828 साली जन्मले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परमुलखात राहून राज्यकारभार करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांचे पूर्वज शोधावयाचे झाल्यास ते ह्या मंडळींतच सापडतील. त्यांच्या घरातल्या मुलाने राजवाड्यात जाऊन ऐकावे, की आपल्या राजाची मराठी निराळी आणि आपल्या आजीची निराळी. राजाची शुद्ध आणि आजीची बिघडलेली! साडेतीनशे वर्षे चारी बाजूंनी तमिळने वेढलेल्या घरांत जी भाषा टिकली, तिला एका बाहुल्याकडून दर तासाला नापास करण्याचा हा उद्योग आहे. मराठीची याहून मोठी सेवा तिच्या शत्रूलाही सुचली नसती.

शब्दांचा प्रश्न तर त्याहून बिकट. शिवछत्रपती आणि व्यंकोजी या भावांची भेट 1677 साली कोळ्ळिडम नदीच्या परिसरात झाली. बापाच्या दौलतीची वाटणी हा त्यांच्यातला वाद होता, आणि ती बोलणी फिसकटून व्यंकोजी रातोरात तंजावूरास निघून गेले. हा इतिहास आहे. कडू आहे, पण घराघरांत घडतो तसा आहे. हा प्रसंग तासाच्या खेळात बसेल काय? बसणार नाही. तेथे दोन्ही बंधू मिठी मारतील, नगारा वाजेल आणि जयजयकार होईल. ज्या तमिळ प्रेक्षकाच्या गावात हा जयजयकार चालेल, त्याला त्यातले एक अक्षर कळणार नाही. कळेल तो फक्त आवाजाचा चढ. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात ओरडू नये, एवढा शिष्टाचार परमुलखात नोकरी करणाऱ्यांना तरी सांगावा लागू नये.

आता ज्या जुन्या कागदांचा आम्ही उल्लेख केला, ते काढू. ते राजवाड्याच्याच आवारात, सरस्वती महालात आहेत. तंजावूरचे शहाजीराजे 1684 मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत नाटके लिहिली, तेलुगूतही लिहिली. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांचे मराठी नाटक. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीस झाले ते 1843 साली. म्हणजे येथली मराठी नाटके त्याआधी शंभराहून अधिक वर्षांची. त्याच राजाच्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा रंगभूमीवर एकत्र नांदतात. देशोदेशीच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि कोणी कोणाला गप्प बसवीत नाही. भाषावार प्रांतांचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हे नाटक उघडून तरी पाहावे.

आणि सरफोजी? हा राजा 1798 ते 1832 पर्यंत गादीवर होता. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्याच्या हाती उरला मुख्यतः किल्ला आणि राजवाडा. त्याने ग्रंथ जमवले, भोसले वंशाचा इतिहास 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवला, आणि 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी हा खास तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते आणि आपला मुलूख वर्णन करून सांगते. सरफोजीने त्या बाईच्या तोंडी काय घातले? सबंध पृथ्वीचा भूगोल! खंडे, देश, समुद्र, सारे तिने मराठी पदांतून गायचे. आता वाचकांनीच न्याय करावा. वेषधारी पात्राने रंजकपणे बोलावे, मुलांना ज्ञान द्यावे, मराठी दक्षिणेत दुमदुमावी, हीच ना आमच्या सूचनाकारांची मागणी? ती ह्या राजाने दोनशे वर्षांपूर्वी स्वतःच्या लेखणीने पुरी करून ठेवली आहे. आम्ही ते पात्र कपाटात ठेवतो आणि त्याच्या कर्त्याला मात्र ओठ हलवणारा मुखवटा चढवावयास निघतो. राजवाड्याच्या कलादालनात फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. तो बोलत नाही, हे त्याचे न्यून नव्हे. त्याने बोलावयाचे ते लिहून ठेवले आहे.

प्रतिपक्षाच्या दोन हरकती उरतात. पहिली : हस्तलिखिते मुले वाचत नाहीत. मान्य. पण आम्ही नाटकाविषयी बोलत आहो, आणि नाटक वाचावयाचे नसते, करावयाचे असते. ग्रंथालयाने त्यांतली काही नाटके छापलेलीही आहेत. दुसरी हरकत वजनदार आहे : यंत्र थकत नाही, रोज सहा खेळ करील, जिवंत नट कोठून आणावयाचे? यावर आमचे उत्तर असे, की रोज सहा खेळ हवेत हे कोणी ठरवले? मेलट्टूरला नाटके वर्षातून मोजक्याच रात्री होतात. त्यांची भाषा तेलुगू, गाव तमिळ, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या ती चालली आहेत. ती चालली याचे कारण ती गावाने स्वतः केली. भाड्याने आणली नाहीत. जे रोज आपोआप चालते, त्यासाठी कोणास काही करावे लागत नाही. आणि ज्यासाठी कोणी काही करीत नाही, ते पहिली मोटार जळेपर्यंतच टिकते. दुरुस्तीच्या मंजुरीला किती महिने लागतात, हे पुन्हा आम्हां कारकुनांना विचारावे.

यंत्राशी आमचे वैर नाही. यंत्राचा मुखवटा आणावयाचाच असेल, तर खुशाल आणावा. पण दोन अटी मान्य कराव्यात. एक, त्याच्या तोंडी येणारा शब्द ह्याच राजांच्या ग्रंथांतला असावा. दोन, त्यामागचा आवाज तंजावूरच्या मराठी घरातल्या जिवंत माणसाचा असावा, आणि मुलाने प्रश्न विचारला तर त्याने उत्तर द्यावे. मराठीत विचारला तर मराठीत, तमिळमध्ये विचारला तर तमिळमध्ये. ह्या अटी जाचक वाटत असतील, तर प्रश्न यंत्राचा नसून आमच्या आळसाचा आहे, असे समजावे.

त्याआधी मात्र एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. दक्षिणेतल्या शहराशहरांत आमची मराठी मंडळे आहेत. गणेशोत्सवात ती पुण्या-मुंबईची जुनी प्रहसने वर्षानुवर्षे घासतात. येत्या उत्सवात त्यांपैकी एकाने तरी 'देवेंद्र कुरवंजी'तला एक प्रवेश बसवावा. कुरवंजीची भूमिका तंजावूरच्या एखाद्या मराठी आजीबाईंना किंवा त्यांच्या नातीला द्यावी, आणि त्यांचे उच्चार सुधारावयास कोणी जाऊ नये. प्रयोग तंजावूरातच करता आला, तर फारच उत्तम. राजवाड्याचा संगीत महाल आवाजाच्या स्पष्टतेसाठी प्रसिद्ध आहे, तेथे मुद्रित आवाजाची गरज भासणार नाही. 1855 साली शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि राज्य संपले. भाषा संपली नाही. तिला मुखवटा नको आहे. तिला भूमिका हवी आहे, आणि ती देणे आपल्या हाती आहे.