फोटो कुणाचा?

परवा आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला. तरी भाजीवाल्या मावशी गप्पच. एरवी बैठकीत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही ताई." निघताना मात्र दारात घुटमळल्या आणि लेकाचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघा, काय अवतार आहे माझा."

फोटोत मावशी झोपलेल्या होत्या. स्टेशनच्या जिन्याला पाठ टेकलेली, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. मांडीवर मेथीची अर्धवट निवडलेली जुडी. मागे लोकलच्या गर्दीचे नुसते पाय. खरं सांगते, फोटो सुरेख होता. पहाटे तीनला उठून कल्याणच्या बाजारातून माल आणणाऱ्या बाईची दुपार त्यात नेमकी आली होती.

कुणा मुलाने तो एका प्रदर्शनात लावला होता. खाली नाव दिलं होतं, 'श्रम'. बघायला आलेल्या कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि फिरत फिरत तो मावशींच्या लेकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. मित्रांनी चेष्टा केली. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी लेकाने फर्मान काढलं, "उद्यापासून स्टेशनवर बसायचं नाही."

बसायचं नाही म्हणजे काय हो? म्हणजे गटाचा हप्ता बंद, नातीच्या शिकवणीची फी बंद. आणि बावीस वर्षांपासून धरलेली ती चार फुटांची जागा आठवडाभरात दुसऱ्याची.

मी मावशींना विचारलं, "तुम्हाला नक्की कशाचा राग आला?" त्या म्हणाल्या, "फोटो काढला त्याचं काही नाही. रोज हजार माणसं बघतातच की मला. पण मी झोपले होते ना. जागी असते तर पदर तरी सावरला असता."

मावशींचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. हे लिहू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "गोष्ट सांगा, नाव नको." तेवढं पाळणं माझ्या हातात आहे.

त्या रात्री मी चांगलीच तापले होते. अनोळखी माणसांचे असे नकळत फोटो काढणं बंदच व्हायला हवं, असं ठरवून टाकलं होतं. मग कपाट आवरताना आईच्या फोटोंचं पाकीट हाती लागलं आणि माझी मीच अडखळले.

आईचे फोटो माझ्याकडे मोजून पाच. चार लग्नकार्यातले नाहीतर स्टुडिओतले. काठाची साडी, हात मांडीवर, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पाचवा गावच्या जत्रेतला. कुणा पाहुण्याने तिच्या नकळत काढलेला. हातात उसाच्या रसाचा ग्लास आणि हसता हसता लागलेला ठसका. आई तशीच हसायची. त्या पाहुण्याने "वहिनी, इकडे बघा" म्हटलं असतं तर माझ्याकडे परीक्षेला बसलेले पाच फोटो झाले असते आणि आई एकाही फोटोत नसती.

म्हणजे नकळत काढलेल्या फोटोत काहीतरी असतं, जे सांगून सवरून काढलेल्या फोटोत येत नाही. आपल्या आज्या-पणज्या पाणी भरताना, बाजार करताना, मैत्रिणींशी गप्पा मारताना कशा दिसायच्या, हे आज आपल्याला कुठे माहीत आहे? आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना आपल्या मैत्रिणींचे, मुंबईच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले. सुरुवातीला ते 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून आले ते नवऱ्याच्या नावावर! त्या काळातल्या शहरातल्या मुली मोकळेपणी कशा वावरायच्या, हे आज त्या फोटोंमुळे दिसतं. पुढे दिल्लीत मोठमोठ्या नेत्यांचे फोटो त्यांनी काढले, पण १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. नव्या फोटोग्राफरांचं वागणं पटेनासं झालं, हे त्याचं एक कारण त्या सांगत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. कॅमेऱ्यावर इतकं प्रेम असलेल्या बाईलाही वागण्याची रीत कॅमेऱ्याहून मोठी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रदर्शनवाल्यांकडून त्या मुलाचा पत्ता लागला. मी प्रदर्शनही पाहून आले. भाजीवाल्या, हमाल, भंगार वेचणाऱ्या पोरी, पुलाखाली झोपलेलं कुटुंब, सगळं होतं. बंद गाडीत डुलकी घेणारे साहेब मात्र एका फोटोत नव्हते. आपण दुपारी लवंडतो तेव्हा दार लोटून घेतो. मावशींना लोटायला दारच नाही. ज्यांना भिंती आहेत त्यांचं खासगी जपलं जातं, आणि ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांची झोपसुद्धा सगळ्यांची होते.

मुलगा विशीतला, भला. घरी आला, खाली मान घालून बसला. म्हणाला, "काकू, विचारलं तर तो क्षण निघून जातो." आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचं उदाहरण त्याने दिलं. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ते आपल्या कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांना काळी पट्टी लावत.

मी म्हटलं, "अरे, काढताना क्षण निघून जातो, मान्य. पण प्रदर्शनात लावायला तुला दोन महिने होते. तेव्हा कुठला क्षण निघून जात होता? मावशी तर रोज तिथेच बसतात."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. फोटो काढणं वेगळं आणि तो चारचौघांत मांडणं वेगळं. जर्मनीत १९०७ सालच्या कायद्यानेही हाच भेद धरला आहे. बिस्मार्क वारल्यावर, १८९८ मध्ये, दोन फोटोग्राफरांनी त्यांच्या खोलीत घुसून मृतदेहाचा फोटो घेतला आणि केवढा गहजब झाला. त्यातून पुढे हा कायदा आला. काही अपवाद सोडले तर माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही, असं तो सांगतो. आपल्याकडे सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणं २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण भर रस्त्यात दमून डोळा लागलेली भाजीवाली यातल्या कशात बसते? कलमं शोधत बसण्यापेक्षा माणुसकीने विचारणं सोपं नाही का?

नुसतं विचारलं नाही म्हणून काय होतं, त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, डोरोथिया लँग या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका बत्तीस वर्षांच्या आईचा फोटो काढला. तो छापून आला आणि सरकारने तळावर अन्नधान्य पाठवलं. फोटोने केलेलं हे मोठं काम नाकारता येणार नाही. पण तोवर ती आई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. १९७८ मध्ये पत्रकार तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा तिच्या तक्रारी अगदी साध्या होत्या. माझं नाव विचारलं नाही, प्रत पाठवीन म्हणाली ती पाठवली नाही. बेचाळीस वर्षं जगाने तिचा चेहरा पाहिला. तिला एक प्रत मिळाली नाही!

मुलाने प्रदर्शनातून फोटो काढून घेतला. मी त्याला म्हटलं, आता तो मावशींना नेऊन दे. दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवर गेला, मीही गेले. मावशींनी मोठी प्रत हातात धरली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मी एवढी दमते होय रे? मला तरी कुठं ठाऊक होतं."

तो म्हणाला, "मावशी, दुसरा काढू?" त्यांनी पदर सारखा केला, केस चापून बसवले, टोपली पुढे ओढली आणि कॅमेऱ्यात रोखून पाहिलं. तो फोटो काही खास आला नाही, हे मलाही कळतं. मावशींनी मात्र तोच लेकाला पाठवायला सांगितला. झोपेतला त्यांनी घरी नेऊन पेटीत ठेवलाय. भिंतीवर लावायचा नाही आणि फाडायचाही नाही. लेकाची समजूत घालायला मला दोन चकरा माराव्या लागल्या, पण मावशी परत आपल्या जागेवर बसतात.

मैत्रिणींनो, त्या मुलाला बोलले खरी, पण माझा मोबाइल तपासला तेव्हा मीच वरमले. गेल्या पावसाळ्यात आम्ही कोकणात गेलो होतो. वाटेत गाडी थांबवून भात लावणाऱ्या बायांचे फोटो काढले. चिखलात वाकलेल्या, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. सगळ्या ग्रुपांवर टाकले, 'किती छान' म्हणून पन्नास जणींचे अंगठे आले. त्या बायांपैकी एकीलाही मी ते दाखवले नाहीत. बांध ओलांडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

फोटो काढणं मी सोडणार नाही. आईचा तो पाचवा फोटो मला सोडू देणार नाही. पण यापुढे कुणाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्या बाईपुढे मोबाइल धरणार आहे. नको म्हणाली तर तिच्यादेखत पुसून टाकणार आहे. तुम्हीही करून बघाल ना?