हशा सभागृहात, गठ्ठे घरात

पिंपरी - संत तुकारामनगरातील नाट्यगृहाला आचार्य अत्रे यांचे नाव आहे. ‘केशवकुमार’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा विडंबन कवितांचा संग्रह १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो आठवला जातो. विनोदी कविता पुस्तकरूपाने टिकू शकते, हे त्यावरून दिसते.

आज स्वखर्चाने वात्रटिकासंग्रह काढणाऱ्या कवीपुढे मात्र छपाईपेक्षा वितरणाचा प्रश्न मोठा आहे. श्रोत्यांची दाद म्हणजे ग्राहकांची मागणी, असे समजून एकदम मोठी आवृत्ती काढली, तर प्रकाशन समारंभानंतर प्रती भेटीदाखल वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे घरात पडून राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कवीची त्यात पुंजीच अडकते.

स्वतः पुस्तक काढणारा कवी प्रकाशकही ठरतो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रती पाठविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो. हस्तलिखिताची निवड झाल्यास पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदानही मिळू शकते. मागणीनुसार छपाईची सोय असल्याने थोड्या प्रतींपासून सुरुवात करणे शक्य आहे. समारंभावरील खर्चाचा काही भाग वाचनालयांपर्यंत पुस्तक पोचविण्यासाठी राखून ठेवला, तरच सभागृहाबाहेरचा वाचक मिळेल.